एकास आठ

प्रमाणाचा धडा आला की आपण वर्गात नकाशाचे उदाहरण देतो. पण नकाशावरून खरी जमीन तयार करण्याची वेळ कोणावर येत नाही. कागदावरच्या आराखड्यावरून कापड बेतणाऱ्याला मात्र हा उलटा प्रवास करावाच लागतो. तो किती सोपा आणि कुठे फसवा, हे पाहण्यासाठी जॅनेट अर्नोल्ड यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या इंग्रजी ग्रंथमालेसारखे साधन नाही. गणित शिकवणाऱ्यांनीही ती चाळावी.

पहिला भाग १९६४ साली निघाला. त्यात इंग्लंडमधील १६६० ते १८६० या काळातले स्त्रियांचे पोशाख आहेत. १९८५ च्या तिसऱ्या भागात १५६० ते १६२० या काळातले स्त्री-पुरुषांचे कपडे आहेत. जतन केलेला जुना कपडा समोर ठेवायचा, त्याचा एकेक तुकडा मोजायचा आणि चौकटींवर काढायचा, ही बाईंची पद्धत. कपड्यावरच्या एका इंचाला कागदावर एक अष्टमांश इंच, म्हणजे प्रमाण १:८.

नोरा वॉ यांच्या १९६८ च्या ‘द कट ऑफ विमेन्स क्लोद्स’ या तितक्याच गाजलेल्या पुस्तकात आराखड्यासोबत फक्त मापाची पट्टी असते, चौकटी नसतात. फरक किरकोळ वाटतो, पण तसा नाही. आराखडा यंत्रावर मोठा करताना तो उभा आणि आडवा सारखाच वाढला का, हे एका दिशेची पट्टी सांगू शकत नाही. चौकट मात्र दोन्ही बाजूंनी मोजता येते आणि कागदावर कुठेही मोजता येते. अर्नोल्ड यांच्या मांडणीत पडताळा आराखड्यातच आहे. हा तिचा सर्वांत मोठा गुण.

इंचाची अडचण खरी नाही. १:८ या गुणोत्तराला एकक नसते. आराखड्यावर मिलिमीटरमध्ये मोजा, आठाने गुणा, झाले. चूक होते ती अर्धवट रूपांतरात. मोठी चौकट १ इंचाची, म्हणजे २.५४ सेंटीमीटरची हवी. सोयीसाठी ती २.५ ची आखली, तर ४० चौकटींत १.६ सेंटीमीटर कमी पडतात. कमरेला तेवढा फरक पुरे होतो.

शिवाय लांबीबरोबर चूकही आठपट होते. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ मोठी केल्यावर ४ मिलिमीटरची होते. ती आतून कापायची की बाहेरून? आठ तुकड्यांच्या चोळीत प्रत्येक तुकडा ४ मिलिमीटर रुंद झाला, तर घेर ३.२ सेंटीमीटरने वाढतो. म्हणून मोठा केलेला आराखडा आधी मांजरपाटावर बेतून पाहतात.

इथवर गणित सरळ आहे. खरी गफलत पुढच्या पायरीवर होते. आराखडा मूळ मापाचा झाला, पण तो दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या अंगाचा. समजा, त्या चोळीची कंबर ६० सेंटीमीटर आहे आणि आपल्याला ७५ हवी. गुणोत्तर ५:४ म्हणून सगळा आराखडा सव्वापट केला, तर ३८ सेंटीमीटरची पाठ ४७.५ ची होईल आणि कंबरेची शिवण नितंबावर येईल. मुंढा, गळा, बाहीची लांबीही अकारण वाढतील. दोन माणसांची अंगे समरूप आकृत्या नसतात. कंबरेला हवे असलेले १५ सेंटीमीटर तुकड्या-तुकड्यांत वाटून द्यावे लागतात आणि उंचीचा हिशेब वेगळा करावा लागतो. शिवणीची मायाही सव्वापट करायची नसते. कापडाचे धागे किती सुटतात यावर ती ठरते, नेसणारीच्या जाडीवर नाही.

आणखी एक गोष्ट वाढत नाही, ती म्हणजे कापडाचा पन्हा. अठराव्या शतकातले इंग्लंडमधले रेशीम साधारण २० इंच पन्ह्याचे असे. पूर्ण पन्ह्याचा तुकडा सव्वापट केला तर २५ इंचांचा होईल. तो त्या काळच्या मागावरून निघालाच नसता, तिथे जोड आला असता. अर्नोल्ड असे जोड आराखड्यात दाखवतात, कारण ते कारागिराने कापड कसे पुरवले याचे पुरावे आहेत. सरसकट आकार वाढवणारा हा पुरावाच पुसून टाकतो.

माझी तक्रार इथे आहे. चौकटींची शिस्त इतकी चोख दिसते की त्या मोजल्या म्हणजे कपडा अंगाला बसणारच, असे वाचकाला वाटते. ‘हे एका व्यक्तीचे माप आहे’ ही सूचना प्रत्येक आराखड्याशेजारी असती तर बरे झाले असते. नोंद म्हणून हे ग्रंथ अव्वल आहेत. त्यांना तयार कागदी कटिंग समजणे ही मात्र वाचकाची चूक, आणि मांडणी त्या चुकीला थोडी मदत करते.

वर्गात हे करून पाहता येईल. एका गटाने जुना सदरा मोजून आलेखाच्या कागदावर १:८ प्रमाणात काढावा. दुसऱ्या गटाने सदरा न पाहता तो आराखडा वर्तमानपत्रावर मोठा करावा. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून फरक मोजावा. शेवटी विचारावे, ‘हाच सदरा तुमच्या दादाला बसवायचा, तर काय काय वाढवाल आणि काय नाही?’ समरूपतेची व्याख्या यापेक्षा चांगली पक्की होणार नाही.