रक्तात नाही, गुडघ्यात

गेले काही महिने जो भेटेल तो माझ्याशी रक्ताबद्दल बोलतो आहे. कारण ‘कोकुहो’. ली सांग-इल यांचा हा चित्रपट जून २०२५मध्ये जपानात लागला आणि वर्ष सरायच्या आत त्याने कमाईचा एक जुना विक्रम मोडला. ॲनिमेशन सोडून उरलेल्या जपानी चित्रपटांतला तो विक्रम २२ वर्षं कुणाला हलवता आला नव्हता. आणि विषय कोणता? काबुकीत स्त्रीभूमिका करणाऱ्या दोन पुरुषांचं, दोन ओन्नागातांचं आयुष्य. लांबी तीन तासांना पाच मिनिटं कमी. याचा आनंद व्हायला हवा, आणि मला तो झालाही. पण एका प्रसंगापर्यंतच. नागासाकीच्या याकुझाचा पोरका मुलगा किकुओ मोठ्या भूमिकेआधी रंगपटात थरथरतो आहे. नटाच्या घरात जन्मलेल्या शुन्सुकेला तो सांगतो, तुझं रक्त पेला भरून प्यावंसं वाटतं. इथे प्रेक्षक उसासे टाकतात. मी वैतागलो.

चित्रपट रक्ताच्या वारशाला नावं ठेवतो आणि मोजायला पट्टी मात्र रक्ताचीच घेतो. किकुओ कितीही नाचला तरी त्याची गोष्ट ‘नसलेल्या रक्ता’चीच राहते. या गोष्टीला खोटं पाडणारा माणूस मात्र अजून रंगमंचावर उभा आहे. चित्रपट लागायच्या महिनाभर आधी तोक्योच्या काबुकीझामध्ये आठव्या ओनोए किकुगोरोंचा नामग्रहण सोहळा झाला. (सातव्यांनी आपलं नाव सोडलेलं नाही, त्यामुळे सध्या दोन किकुगोरो आहेत, घराण्यांना गणितही माफ असतं.) त्या महिन्यात ‘मुसुमे दोजोजी’ हे नृत्य नायिका हानाकोच्या भूमिकेतल्या तिघांनी मिळून सादर केलं: ४७ वर्षांचे नवे किकुगोरो, त्यांचा ११ वर्षांचा मुलगा आणि ७५ वर्षांचे पाचवे बांदो तामासाबुरो. पहिल्या दोघांमागे ओनोए घराण्याच्या पिढ्या उभ्या आहेत. तिसऱ्यांचा जन्म खानदानी भोजनगृह चालवणाऱ्या घरातला.

तामासाबुरोंचं चरित्र वाचकांना ठाऊक आहे. १९५०चा जन्म, लहानपणी पोलिओ, पायात बळ यावं म्हणून सुरू झालेलं नृत्य, चौदाव्या मोरिता कान्यांकडे शागिर्दी आणि पुढे दत्तकविधान, १९६४मध्ये आजचं नाव. १९६९मध्ये मिशिमाच्या नव्या काबुकी नाटकात राजकन्या शिरानुई झाले तेव्हा ते १९ वर्षांचे होते. पुढचं सगळं, म्हणजे दिग्दर्शक वायदाच्या ‘नास्ताझ्या’त नायिका आणि प्रिन्स मिश्किन दोन्ही साकारणं, चिनी कुन्चू शैलीतलं ‘पिओनी पॅव्हिलियन’, कोदोच्या ढोलवादकांचं कलादिग्दर्शन, २०१२चा ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा किताब, हे पुरस्कारपत्रिकांसाठी ठेवू. मला त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलायचं आहे.

तामासाबुरोंची उंची पाच फूट आठ इंचांच्या घरात. त्यांच्या उमेदीच्या काळातल्या काबुकीत एवढी उंच नायिका म्हणजे नायकाची पंचाईत. यावर त्यांच्याजवळ एकच उपाय होता आणि तोच त्यांची कला झाला. किमोनोच्या आत गुडघे वाकवायचे. तेही एखाद्या प्रवेशापुरते नाही, तर उभं राहताना, वळताना, सरकताना, सगळा वेळ. खांद्यांची पाती मागे ओढून खाली सोडायची म्हणजे खांदे उतरते आणि मान लांब दिसते. नायकापेक्षा अर्धं पाऊल मागे राहायचं. ओन्नागाताला गुडघ्यांमध्ये कागद धरून चालायला शिकवतात; कागद पडला की बाई संपली. आता जडशीळ किमोनो आणि विग चढवून कोणीही दहा मिनिटं अर्धवट बसल्यासारखं उभं राहून पाहावं. प्रेक्षकाला जो नाजूकपणा दिसतो, तो आतून हमालीचा असतो. ज्या मुलाला पायासाठी नाचायला घातलं, त्याने पायावरच सगळं पेललं.

ही हमाली कुठे पोचते ते पाहायचं तर ‘साकुराहिमे आझुमा बुन्शो’ला पर्याय नाही. चौथ्या त्सुरुया नान्बोकूचं हे नाटक १८१७चं आणि आजच्या कुठल्याही ‘धाडसी’ नाटकापेक्षा जास्त निर्लज्ज. २०२१मध्ये, महासाथीच्या सावटात, एप्रिल आणि जून असं दोन भागांत काबुकीझाने ते केलं. पंधरावे काताओका निझाएमोन आणि तामासाबुरो ही जोडी ३६ वर्षांनी या नाटकात परतली होती. एक ७७चा, दुसरा ७१चा आणि नायिका १७ वर्षांची. निझाएमोन दोन भूमिकांत: तिच्यात आपला मेलेला किशोर प्रियकर पाहणारा भिक्षू सेइगेन, आणि तिच्यावर बलात्कार करणारा गोन्सुके. तिने त्याच गोन्सुकेच्या दंडावरचं गोंदण स्वतःच्या दंडावर काढून घेतलं आहे.

या नाटकात एक प्रवेश आहे. गोन्सुकेने वेश्यावस्तीत विकलेली राजकन्या तिथून परत येते. तिच्या तोंडी आता दोन भाषा आहेत: राजवाड्याची आणि कोठ्याची. नान्बोकूने त्या एकाच वाक्यात कालवल्या आहेत. वाक्य अदबीने सुरू होतं आणि शिवराळ संपतं, किंवा उलट. सामान्य नट इथे दोन आवाज काढतो आणि हशा मिळवतो. तामासाबुरो आवाज जवळजवळ बदलतच नाहीत. बदलतात ते गुडघे. राजकन्या बोलते तेव्हा ते जुळलेले असतात, कोठेवाली बोलते तेव्हा सैल सुटतात, आणि वाक्याच्या मधल्या सांध्यावर शरीर क्षणभर दोन्हीकडचं असतं. ही मुलगी बिघडली असं तेव्हा वाटत नाही. तिला एकाच्या दोन भाषा आल्या, एवढंच वाटतं. चित्रीकरणातही हे दिसतं. कॅमेरा चेहऱ्याच्या मागे धावतो तेवढ्या वेळापुरतं मात्र दिसत नाही. ‘कोकुहो’चा कॅमेरा तर कायम चेहऱ्याच्याच मागे धावतो: घाम, डोळे, रंग, अश्रू. यात किकुओ साकारणाऱ्या योशिझावांचा दोष नाही. त्या नटाने दीड वर्ष घासली आहे. पण त्या कॅमेऱ्याला नट कंबरेखाली दिसतच नाही, आणि मग कला कुठून आली ते सांगायला रक्त हाताशी धरावं लागतं.

बाकीचं एकेका ओळीत. काबुकीतली ‘वन पीस’ (२०१५), हात्सुने मिकू (२०१६), ‘फायनल फँटसी’ (२०२३): तिकिटं खपली, बरं झालं. तेरावे दान्जुरो डोळे वटारतात तेव्हा सभागृह हलतं. डोळे मिटल्यावर काय उरतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि आपल्याकडे ओन्नागाता म्हटलं की लगेच बालगंधर्वांचा शालू बाहेर काढणाऱ्यांना नमस्कार. गंधर्वांचं स्त्रीत्व गळ्यात होतं आणि स्त्रिया मंचावर आल्यावर आपण ती परंपरा मिटवून ठेवली. तुलना तिथेच संपते.

मुद्दा रक्ताचा आहे, तर रक्ताचाच हिशेब मांडू. काबुकीतलं सर्वात मोठं नाव दान्जुरो. नववे दान्जुरो १९०३मध्ये गेले तेव्हा नावाला मुलगा नव्हता. जावई होता, तो बँकेत नोकरीला. पुढे तो मंचावर उतरला आणि दहाव्याचा मान त्याला मरणोत्तर मिळाला. अकरावे आले दुसऱ्या नटघराण्यातून, कोशिरोंच्या घरातून, दत्तक, आणि त्यांनी नाव घेतलं ते थेट १९६२मध्ये. म्हणजे ज्या घराण्याकडे बोट दाखवून ‘रक्त’ म्हटलं जातं, त्याचीच गादी जवळपास साठ वर्षं रिकामी होती आणि तिथला धागा विसाव्या शतकात गाठी मारून जोडलेला आहे. आजचे नट काताओका आइनोसुके तर जहाजांचे पंखे बनवणाऱ्याचे चिरंजीव. ‘कोकुहो’च्या शेवटी येणारी ‘सागी मुसुमे’ ही नृत्यरचना परंपरेची मूर्ती मानली जाते. तिच्या आजच्या मरणदृश्यावर पाव्हलोव्हाच्या हंसाची सावली आहे. आणि मुळात ही कला क्योतोत उभी केली एका बाईने, ओकुनीने. १६२९मध्ये बायकांना हाकललं नसतं तर ओन्नागाता जन्मालाच आला नसता. शुद्ध वारसा म्हणतात तो हा. पावलोपावली ठिगळं आहेत आणि सौंदर्य आहे ते ठिगळं लावण्याच्या कसबात.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांकडून सवाई गंधर्वांकडे आणि तिथून भीमसेनांकडे किराणा आला, तो कोणत्या रक्तातून? गंडा बांधला, पाणी भरलं, रियाज केला. घराणं हा शब्दच आपण घराबाहेरच्या माणसांसाठी वाढवला.

म्हणून रक्ताचं हे कौतुक मला निरुपद्रवी वाटत नाही. तोक्योच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने १९७०पासून काबुकीची शाळा चालवली आहे. तिथे कोणाच्याही घरचा मुलगा येऊ शकतो, आणि आजच्या काबुकी नटांपैकी सुमारे एक तृतीयांश या शाळेतून आले आहेत. ते मंचावर बहुधा कुठे असतात? मारामारीत उलटे पडणाऱ्यांत, पालखी उचलणाऱ्यांत, रांगेने बसलेल्या दासींत. वारसाला नाव मिळतं, यांना कोलांटी. आणि ते नाट्यगृह ऑक्टोबर २०२३पासून बंद आहे. पाडून नवं बांधायचं ठरलं, निविदा फसल्या, इमारत तशीच उभी. एका चित्रपटावर अब्जावधी येन उधळणाऱ्या देशाला काबुकीच्या शाळेचं छप्पर वेळेत उभारता येत नाही, आणि गळा काढायचा तो शुन्सुकेच्या रक्तासाठी!

उत्तर तामासाबुरोंनी डिसेंबर २०१८मध्येच दिलं होतं. ‘आकोया’ ही ओन्नागाताची सर्वात अवघड भूमिका मानतात, कारण तिला मंचावर कोतो, शामिसेन आणि कोक्यू खरोखर वाजवावं लागतं. सहाव्या उताएमोननंतर दोन दशकं ती तामासाबुरोंकडेच राहिली होती. त्या महिन्यात काबुकीझामध्ये त्यांनी ती नाकामुरा बाइशी आणि नाकामुरा कोतारो या दोन तरुणांच्या हाती दिली. दोघेही जातिवंत घराण्यांतले. ते आकोया होत तेव्हा गुरू त्याच मंचावर इवानागा बनून बसत. इवानागा म्हणजे लाल तोंडाचा हास्यास्पद खलपुरुष, तोही कठपुतळीच्या चालीने. शिष्य कोक्यू वाजवतो आहे आणि जिवंत राष्ट्रीय ठेवा शेगडीचे चिमटे घेऊन त्याच्या वादनाची नक्कल करतो आहे. घराबाहेरून आलेल्या माणसाने घरातल्यांना त्यांचाच ठेवा परत केला, आणि स्वतःकडे विदूषकाचं काम घेतलं.

त्या नाटकात आकोयावर आरोप आहे की पळालेल्या प्रियकराचा पत्ता ती लपवते आहे. इवानागाला तिचा छळ करायचा आहे. न्यायाधीश शिगेतादा तिला फक्त वाजवायला सांगतो, खोटं बोलत असेल तर सूर हलेल म्हणून. तू कोणाच्या पोटची, हे तो विचारत नाही. काबुकीतल्या कुठल्याही मुलाला एवढाच प्रश्न विचारला जावा. बाकी चौकशी इवानागाने करावी.