वेळेत झाले तरच खरे

दिंडोरीहून टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप नाशिकच्या बाजार समितीकडे निघते, तेव्हा इंजिनात डिझेल नेमके कधी फवारायचे हे गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ठरवतो. फवारणारे इंजेक्टर बनवणारा बॉशचा कारखाना जवळच, सातपूरला आहे. ईसीएमने आपल्या अनेक कामांपैकी कोणते आधी घ्यावे, या प्रश्नाचे गणित मात्र सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांच्या जानेवारी १९७३च्या निबंधात सापडते. तो तांत्रिक असला, तरी रसिकतेने वाचावा असा आहे.

लेखक आधी पाच गृहीतके मांडतात. त्यांतली मुख्य म्हणजे कामे ठरावीक अंतराने येतात, पुढची पाळी येण्याआधी ती संपली पाहिजेत आणि एकाचे दुसऱ्यावाचून अडत नाही. मग नियम येतो: जे काम जास्त वेळा येते, त्याचा मान पहिला. काम किती महत्त्वाचे, हा प्रश्नच ते विचारत नाहीत.

निबंधाचे खरे सौंदर्य पुढे आहे. सगळी कामे एकाच क्षणी हजर झाली, तर सर्वांत खालच्या कामाचा खोळंबा सर्वाधिक होतो. तेवढा प्रसंग निभावला की पुढचे सगळे निभावते. अगणित शक्यता तपासण्याऐवजी एकच क्षण तपासायचा! त्यातूनच मर्यादा निघते. दोन कामे असतील तर प्रोसेसरचा सुमारे ८३ टक्के वेळ, आणि कामे कितीही वाढली तरी ६९ टक्के वेळ भरेपर्यंत एकही मुदत चुकत नाही. ज्याची मुदत जवळ त्याला आधी घेतले, तर हीच मर्यादा १०० टक्क्यांवर जाते, हेही इथेच सिद्ध केले आहे.

इंजिन मात्र पहिलेच गृहीतक मोडते. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ८०० फेरे असताना एका सिलिंडरनंतर दुसऱ्याची पाळी ३७.५ मिलिसेकंदांनी येते. ३००० फेऱ्यांना १० मिलिसेकंदांतच. म्हणून फेरे वाढले की त्यांच्याशी बांधलेल्या कामातला कमी गरजेचा भाग गाळण्याची पद्धत आहे, आणि पुढच्या संशोधकांना या बदलत्या ठेक्याचे गणित नव्याने मांडावे लागले.

यामुळे निबंध उणा ठरत नाही. आपला सिद्धान्त कुठवर खरा, हे लेखकांनी आधीच सांगितले आहे. म्हणूनच इंजिनासाठी नेमके काय बदलायचे ते पुढच्यांना कळले. शास्त्रीय लेखन कसे असावे, हे शिकण्यासाठीही तो वाचावा.