रुमाल राहिले, चिठ्ठ्या गेल्या

आमच्या इंदूरच्या मंडळाच्या डिजिटल दफ्तराचं कौतुक पुष्कळ झालं. मला तक्रार मांडायची आहे. डिस्क बिघडली तेव्हा मोडी कागदांचे स्कॅन सगळे परत मिळाले, पण सनद कोणती नि जमाखर्च कोणता, कळेना. डीस्पेसमध्ये स्कॅन ‘असेटस्टोअर’ फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या नावांनी राहतात. कागदाची ओळख असते पोस्टग्रेसच्या डेटाबेसात. आपण बॅकअप घेत होतो फक्त फोल्डरचा. रोज आधी ‘पीजी-डंप’ काढावा, मग फोल्डर. म्हणजे नोंद आहे नि स्कॅन नाही, असं होत नाही. एक प्रत गावाबाहेर ठेवावी. वर्षातून दोनदा दुसऱ्या संगणकावर सगळं उभं करून पाहावं. पुढच्या बैठकीत हे आधी ठरवू, नवे स्कॅन नंतर.