सह्याद्रीचे दोन अहवाल : कर्ता कोण?

सरकारी अहवाल साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. पश्चिम घाटाविषयीचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचताना मला मात्र शिफारशींइतकाच एक व्याकरणाचा प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला : यातल्या वाक्यांचा कर्ता कोण? डोंगराचे काय करायचे, हे कोण ठरवणार?

माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११चा. तो सगळाच पश्चिम घाट संवेदनशील मानतो आणि त्याच्या तीन प्रतवाऱ्या करतो. पण आखलेल्या सीमा तात्पुरत्या ठेवून पुढचा निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून घ्यायला सांगतो. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते, ही नोंदही त्यात आहे. इथे गाव कर्ता आहे. केंद्राने मात्र हा अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा मे २०१२मध्ये तो लोकांना दिसला.

कस्तुरीरंगन गटाचा अहवाल एप्रिल २०१३चा. उपग्रहाच्या चित्रांवरून त्याने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. गावाचे २० टक्के क्षेत्र त्यात आले की सारे गाव यादीत. खाणी, औष्णिक वीज आणि अतिप्रदूषक उद्योगांवर त्याने बंदी सुचवली, प्रकल्पांना ग्रामसभेची संमतीही आवश्यक मानली. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तरी फरक उरतो. इथली ग्रामसभा दुसऱ्याच्या आराखड्याला होकार किंवा नकार देते. स्वतःचा आराखडा मांडत नाही.

मे २०१३मधल्या खुल्या पत्रात गाडगीळांनी नेमके इथेच बोट ठेवले. आर्थिक निर्णयांत स्थानिकांना स्थान नाही, ही भूमिका त्यांना घटनाविरोधी वाटली. त्यांनी दाखला दिला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे औद्योगिक वसाहतीचा : रोजगार ११ हजारांना, तर प्रदूषणामुळे बेरोजगार झालेले मच्छीमार २० हजार. म्हणजे ‘पर्यावरण की विकास’ हा वाद मुळात ‘कुणाचा रोजगार’ हा आहे.

पण गाडगीळ अहवालालाही मी सूट देणार नाही. तो इंग्रजीत आहे, शेकडो पानांचा आहे आणि कशाला बंदी, कशाला परवानगी, याची कोष्टके त्यात ठळक दिसतात. स्थानिक भाषांत अनुवाद करून तो ग्रामसभांपुढे ठेवा, असे गाडगीळ सांगत राहिले, हे खरे. तरी ज्याला कर्ता मानले, त्याच्याशी अहवाल स्वतः बोलत नाही. तो मंत्रालयाशी बोलतो. या रिकाम्या जागेत राजकारण्यांनी आणि खाणवाल्यांनी ‘तुमची शेती जाणार, घर बांधता येणार नाही’ हे आपले भाषांतर बसवले. लोकांनी ऐकले ते तेच.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ला, वायनाडचा डोंगर कोसळला. दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटाच्या अधिसूचनेचा मसुदा पुन्हा काढला. पहिला मसुदा २०१४चा, हा सहावा. त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि लोकांसाठी ६० दिवसांची मुदत.

ही मुदत कशासाठी? हरकती नोंदवण्यासाठी. एवढ्या वर्षांनंतरही गावाच्या वाट्याला आले ते हेच क्रियापद.