खेळकर पत्रे आणि व्यंजनेचे उत्तरदायित्व

अठराव्या शतकातील पत्र मराठी अभ्यासकाच्या हाती येते ते बहुधा पुरावा म्हणून. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून पत्र म्हणजे साधन हे समीकरण आपल्या अंगवळणी पडले आहे. पत्र म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनाचा आरसा, हे दुसरे समीकरण ललित वाङ्मयाच्या अंगाने येते. दोन्हींत पत्राचे पत्रपण निसटते. पत्र कोणा एकाला उद्देशून असते. ते काही सांगते, काही राखून ठेवते आणि आपल्या वाचकाने काय ओळखावे याची योजनाही करते. पत्र खेळकर असले तर ही योजना अधिकच गुंतागुंतीची होते. खेळकर पत्राचा अर्थ लावताना त्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची की वाचणाऱ्याची, हा प्रश्न लेडी सारा लेनॉक्स हिच्या एका पत्राच्या आधाराने येथे विचारात घ्यायचा आहे.

जॉर्जियन काळातील इंग्रज उमराववर्गाची पत्रे विपुल आहेत. होरेस वॉल्पोलच्या पत्रव्यवहाराची येल आवृत्ती १९३७ ते १९८३ या काळात ४८ खंडांत पूर्ण झाली, यावरून त्या विपुलतेची कल्पना यावी. या विपुलतेला एक ऐहिक आधार होता. १८४० पूर्वी टपालखर्च सामान्यतः पत्र घेणाऱ्याला सोसावा लागे. पार्लमेंटच्या सभासदाची सही असलेले पत्र मात्र फुकट जाई. ही सवलत सभासदांचे आप्तेष्ट इतक्या सढळ हाताने वापरीत की, लखोट्यावरचा सगळा पत्ता सभासदाच्या स्वतःच्या हातचा असला पाहिजे, असे बंधन १७६४ च्या कायद्याने घालावे लागले. कोण कोणाशी नाचले, कोणाची सोयरीक फिसकटली, यांविषयीची कुजबूज फुकट प्रवास करी. खेळाला लागणारी सवड जशी वर्गाची देणगी, तसाच खेळ पोचविणारा टपालाचा मार्गही.

सारा ही रिचमंडच्या दुसऱ्या ड्यूकची मुलगी, जन्म १७४५. आईवडिलांच्या पश्चात ती थोरल्या बहिणीकडे, हॉलंड हाउसमध्ये, आली. या बहिणीचा पती हेन्री फॉक्स हा त्या काळातील मुरब्बी राजकारणी. त्याची पुतणी लेडी सुझन फॉक्स-स्ट्रँगवेज ही साराची जिवलग मैत्रीण. ऑक्टोबर १७६० मध्ये तिसरा जॉर्ज वयाच्या बाविसाव्या वर्षी गादीवर आला. तो सारावर अनुरक्त आहे, हे दरबारात लपलेले नव्हते. पुढच्या वसंतात त्याने सुझनजवळ विषय काढला: परदेशातून आपल्यासाठी पुष्कळ प्रस्ताव येतात, पण ते मनास येत नाहीत, देशातलीच वधू असावी, तुझ्या मैत्रिणीविषयी तुला काय वाटते? पुढे त्याने खुद्द साराला विचारले की, मैत्रिणीने माझे बोलणे तुला सांगितले का, आणि तुला त्याविषयी काय वाटते. तिने काहीच वाटत नसल्याचे सांगितले. तिचे मन त्या वेळी लॉर्ड न्यूबॅटल या तरुणात गुंतले होते. मग त्यातले सारे विरले, राजाच्या बोलण्याला पुन्हा रंग चढला, आणि ८ जुलै १७६१ रोजी त्याने मेक्लेनबुर्गच्या राजकन्येशी आपला विवाह ठरल्याचे मंत्रिमंडळासमोर जाहीर केले.

या प्रसंगाविषयी आपल्यापुढे तीन संहिता आहेत. पहिली म्हणजे साराने ७ जुलै रोजी सुझनला लिहिलेले पत्र. दुसरी, फॉक्सने लिहून ठेवलेले टिपण. ही दोन्ही साराच्या पत्रसंग्रहातून १९०१ मध्ये छापली गेली. तिसरी, जॉर्जने आपला गुरू लॉर्ड ब्यूट याला लिहिलेली पत्रे. ती रॉम्नी सेजविक यांच्या संपादनातून १९३९ मध्ये प्रकाशात आली. १९०१ च्या वाचकापुढे तिसरी संहिता नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

प्रचलित आख्यायिका फॉक्सच्या टिपणावर उभी आहे. राजाच्या लग्नाची वार्ता आली तेव्हा साराची पाळीव खार आजारी होती; खार मेली, आणि राजाने कधी दिले नसेल एवढे दुःख तिने साराला दिले, असे फॉक्स म्हणतो. ही खार चरित्रकारांना फार आवडते. अल्लड, निर्मळ, राजमुकुटापेक्षा खारीवर जीव टाकणारी मुलगी असे सुबक चित्र तीतून तयार होते. पण ही खार साराच्या संहितेत नाही; ती फॉक्सच्या निवेदनातील आहे. मेहुणी राणी झाली असती तर ज्याचे भाग्य फळफळले असते, त्याने हातची संधी गेल्यावर लिहिलेले हे वाक्य आहे. पराभवाला विनोदाचे पांघरूण घालण्याची गरज साराइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, फॉक्सला होती. वॉल्पोलच्या आठवणी १८४५ मध्ये छापल्या गेल्या. त्यांत राजा घोड्यावरून जाई त्या रस्त्यालगतच्या शेतात गवत कापणारणीचा वेष करून सकाळी उभी राहणारी सारा आहे. तेथेही खेळ तिच्या नावावर आणि निवेदन पुरुषाचे.

साराचे स्वतःचे पत्र वेगळ्या सुरात आहे. आरंभ खेळकर आहे: आपल्याला बसला तसाच धक्का मैत्रिणीला द्यायचा आहे, असा तिचा पवित्रा. राजाचे नाव ती घेत नाही; छापील संहितेत त्या जागी नुसती रेघ आहे. उद्या मंत्र्यांची बैठक याचसाठी आहे, हेही ती सांगते. पण लवकरच स्वर पालटतो. गेल्याच भेटीत त्याने आपल्याशी सलगीने बोलावे, याचा तिला संताप आहे. आपण त्याच्यावर प्रेम करीत नव्हतो, तो फक्त आवडत होता, असे ती बजावते. तिला झोंबते ते निराळेच: आपण मूर्ख ठरलो. सुझनने हे फक्त आईवडिलांना सांगावे, इतरत्र बोलू नये, कारण आपणच गोष्टी रचल्या असे लोक म्हणतील, अशी तिला धास्ती आहे.

या धास्तीत पत्राचे मर्म आहे. राजाने कधीही वाच्यार्थाने मागणी घातली नव्हती. जे होते ते सारे सूचित होते. आपल्या काव्यशास्त्रात व्यंजनेवर जो वाद झाला, त्याचे येथे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आनंदवर्धनाच्या मते व्यंग्य अर्थ शब्दाच्याच एका व्यापारातून स्फुरतो आणि सहृदयाला तो उमगतो. महिमभट्टाने ही स्वतंत्र शक्ती नाकारली. ज्याला तुम्ही ध्वनी म्हणता ते अनुमान होय, असे त्याचे प्रतिपादन. हा वाद काव्यापुरता होता. पण प्रियाराधनाच्या भाषेत त्याला नैतिक अंग प्राप्त होते. अर्थ ध्वनित झाला असेल तर बोलणारा त्याला बांधील राहतो. अनुमित झाला असेल तर चूक ऐकणारीची. ८ जुलैच्या घोषणेने राजाने न बोलता महिमभट्टाचा पक्ष घेतला. सारा मात्र मी कल्पना केली नाही, त्याने सुचविले, असा ध्वनिवाद्याचा पक्ष मांडते. आणि या पक्षाला साक्षीदार एकच आहे, सुझन. म्हणून पत्र सुझनला.

१९३९ मध्ये उपलब्ध झालेली तिसरी संहिता हा पेच अधिक धारदार करते. तीवरून दिसते की, जॉर्जने १७५९ च्या अखेरीसच साराविषयीचे आपले प्रेम ब्यूटपुढे कबूल केले होते. ब्यूटने हा विवाह अशक्य ठरविला होता, आणि राष्ट्रापुढे स्वतःच्या भावनेला दुय्यम मानून जॉर्जने तो निर्णय शिरोधार्य केला होता. या पत्रांत खेळकरपणाचा लवलेश नाही. आहे ती जड, कर्तव्यदक्ष व्यथा. म्हणजे १७६१ च्या वसंतातील दिवाणखान्यातले ते गोड सूचन निकाल लागून गेलेल्या खटल्यातले होते. जॉर्ज दांभिक होता, असे मी म्हणत नाही. तो खरोखर व्याकूळ असावा. पण खेळ संपल्याचे त्याला ठाऊक होते आणि तिला नव्हते. खेळगडी समान नसले की सूचनाचे सौंदर्य एकाच्या वाट्याला येते, त्याची किंमत दुसऱ्याच्या.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पॅट्रिशिया मायर स्पॅक्स यांनी 'गॉसिप' (१९८५) या ग्रंथात कुजबुजीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली; सत्ताहीनांच्या जवळिकीचे आणि सामर्थ्याचे ते एक रूप आहे, असे त्यांनी दाखविले. साराच्या पत्राला हे पुष्कळ अंशी लागू पडते. रेघेमागे दडलेला राजा ओळखणे हा दोन मैत्रिणींचा खेळ आहे, आणि त्या खेळात राजा क्षणभर प्यादे होतो. पण हे सामर्थ्य कोणत्या कुंपणाच्या आत आहे, तेही पाहावे लागते. जानेवारी १७६१ मध्ये हॉलंड हाउसमध्ये 'जेन शोअर' हे नाटक घरच्या मुलामुलींनी केले. सारा आणि सुझन दोघींनी भूमिका केल्या, आणि वॉल्पोलने वाखाणणी केली. तीच सुझन एप्रिल १७६४ मध्ये, एकविसावे वर्ष पूर्ण होताच, विल्यम ओब्रायन या आयरिश नटाशी गुपचूप विवाहबद्ध झाली. लॉर्ड हार्डविक यांच्या १७५३ च्या विवाहकायद्यानंतर त्या वयाआधी परवान्याने लग्न करायचे तर पालकाची संमती लागे. तेव्हा वॉल्पोलचाच अभिप्राय असा की, याहून घरचा नोकर बरा. नटाचा धंदाच उघड्यावरचा, तेव्हा मानहानी रोज नवी. दिवाणखान्यात नाटक करणे हा खेळ. नटाशी संसार करणे हा गुन्हा. कुजबुजीने खेळाचा परवाना दिला तो खेळ खेळच राहील या अटीवर. साराने १७६२ मध्ये चार्ल्स बनबरीशी विवाह केला. १७६९ मध्ये ती लॉर्ड विल्यम गॉर्डनबरोबर निघून गेली. १७७६ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने घटस्फोट झाला. पूर्वी जी कुजबूज तिचे साधन होती, तीच आता तिच्याविरुद्ध आरोपपत्र झाली. म्हणून कुजबुजीला निखळ प्रतिकार म्हणून गौरविणे मला भाबडेपणाचे वाटते.

यातून पत्रसमीक्षेसाठी एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो. खेळकर पत्र वाचताना लिहिणारी व्यक्ती मनातून दुखावली होती की नव्हती, हा प्रश्न आपण सोडून द्यावा. त्याचे उत्तर संहितेत नाही, आणि ते देऊ करणारी खार परक्या हाताची असते. विचारण्याजोगा प्रश्न असा की, सुचविलेला अर्थ नाकारण्याची मुभा कोणाला आहे. राजाला ती होती. साराला नव्हती; म्हणून तिने आपला अर्थ लेखी करून ठेवला. व्यंजनेच्या बळावर चाललेल्या व्यवहारात वाच्यार्थाचा आग्रह धरणे, ही या पत्राची खरी कृती आहे, आणि त्याचा खेळकर आरंभ ही त्या आग्रहाची पूर्वतयारी.

साराने १७८१ मध्ये जॉर्ज नेपियरशी दुसरा विवाह केला. त्यांचा मुलगा चार्ल्स १८४१ च्या अखेरीस मुंबईस उतरला, पुण्याच्या लष्करी तळावर अधिकारी झाला आणि १८४३ मध्ये त्याने सिंध जिंकला. 'पेक्कावी', म्हणजे 'मी पाप केले', हा सिंधवर श्लेष साधणारा एकशब्दी लॅटिन संदेश त्याने धाडला, असे आपल्याकडच्या अनेकांनी वाचलेले असते. तो त्याने धाडला नव्हता. १८४४ मध्ये 'पंच' साप्ताहिकात छापून आलेला तो विनोद होता, आणि तो सुचला कॅथरीन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या मुलीला, असे मानले जाते. साराही १७६१ मध्ये सोळा वर्षांचीच होती. एका मुलीचा खेळ सेनापतीच्या नावावर चढला आणि त्याच्या कीर्तीत भर घालून गेला. दुसरीच्या नावावर दुसऱ्याची खार चढली आणि तिचा संताप झाकून गेली. पत्राखाली सही कोणाची आहे, हे पाहण्याइतकी साधी दक्षताही समीक्षेला पुरेसे काम देते.