रंग न भरलेला कोपरा

आमच्या बैठकीत एक लांबट चित्र टांगलेले आहे. दिवाळीला येणारे पाहुणे सोफ्यावर टेकले की प्रथम त्याकडे पाहतात. तांबूस माती, मधून वळत गेलेली एक उथळ दरी, दूर एका प्रचंड विवराचा तळ आणि त्यापलीकडे निळसर टेकड्यांची रांग. उन्हाळ्यातल्या एखाद्या माळरानाचे असावे असे वाटते. त्याच्या डाव्या हाताचा खालचा कोपरा मात्र राखाडी आहे. तिथे रंगच नाही. त्या कोपऱ्यावरून माझे आणि माझ्या भाच्याचे भांडण झाले होते.

चित्र मंगळावरचे आहे. ऑपॉर्च्युनिटी नावाच्या सहा चाकांच्या अमेरिकी बग्गीने ते काढले. ती २५ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली, तेव्हा तिचे आयुष्य तिथले नव्वद दिवस धरले होते. ती चौदा वर्षांहून अधिक चालली आणि तेवढ्यात पंचेचाळीस किलोमीटर रस्ता काटला. २०१८ च्या १३ मे ते १० जून या दिवसांत तिने एंडेव्हर विवराच्या काठावर उभे राहून चहूबाजूंचे ३५४ फोटो घेतले, आणि त्यांचा जोडून हा देखावा झाला.

भाच्याला या गोष्टीचा नाद आहे. त्याच्यासारखी हौशी मंडळी जगभर आहेत. या बग्ग्यांचे फोटो पृथ्वीवर पोचले की थोड्याच वेळात, कसलेही संस्कार न करता, सर्वांसाठी खुले होतात; शास्त्रज्ञ आणि गडचिरोलीतला एक शिक्षक ते जवळजवळ बरोबरीनेच पाहू शकतात. बग्गीचा कॅमेरा रंग जाणत नाही. एकाच जागेचे तो वेगवेगळ्या काचांमधून तीन कृष्णधवल फोटो घेतो, आणि ते एकावर एक बसवले म्हणजे रंग दिसतो. त्यातली एक काच तर आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणजे चित्रातला रंग हा मुळातच एक अर्थ लावलेला रंग आहे. हौशी मंडळी रात्र रात्र जागून हे तुकडे जुळवतात, शिवण कुठे चुकली ते एकमेकांना दाखवतात आणि चूक निघाली की मुकाट्याने पुन्हा बसतात. आमच्या साहित्यिक वर्तुळात हा शेवटचा गुण मला फारसा आढळलेला नाही.

त्यांच्यातही उतावळे आहेत. १९७६ साली व्हायकिंगच्या एका फोटोत एका टेकडीवर माणसाचा चेहरा दिसला, आणि १९९८ मध्ये जवळून घेतलेल्या फोटोंत ती नुसतीच झिजलेली टेकडी निघाली, तरी तो चेहरा कित्येकांच्या मनातून अजून उतरलेला नाही. शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. त्याच वर्षी व्हायकिंगचे पहिले रंगीत चित्र जाहीर झाले त्यात मंगळाचे आकाश निळे होते! घरच्या आकाशाची सवय; दुसरे काय? लवकरच दुरुस्ती झाली आणि आकाश फिकट गुलाबी झाले. ऐकणाऱ्यांची निराशा झाली म्हणतात.

तर भाच्याने ते ३५४ तुकडे स्वतः जुळवून मला दाखवले. मी हरखलो. मात्र तो राखाडी कोपरा डोळ्यांना खुपला. म्हटले, "एवढा भर की रंगाने. शेजारची माती तांबडी आहे, म्हणजे ही तांबडीच असणार. बैठकीत लावायचे आहे मला."

"नाही भरणार, मामा," तो म्हणाला.

मी चिडलो. कलाकृतीला पूर्णता हवी, अशा अर्थाचे काही बोललो. तीस वर्षे परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाला असे बोलणे सोपे असते. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "शिवरात्रीची जत्रा उठली की मार्कंड्याला जाऊ."

चामोर्शीवरून आम्ही मार्कंड्याला गेलो. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून ते स्थान पवित्र. पात्रात वाळू चमकत होती. मार्कंडेयाची कथा वाचकांना ठाऊकच आहे. सोळा वर्षांचेच आयुष्य घेऊन आलेला मुलगा, यमाचा पाश पडला तेव्हा पिंडीला मिठी मारून बसला. भाचा म्हणाला की ऑपॉर्च्युनिटीला ते लोक मनातल्या मनात मार्कंडेयच समजत असावेत. तिच्या सौरपट्ट्यांवर धूळ साचून ती मरायची, तर मंगळावरच्या वाऱ्यानेच ती वेळोवेळी झाडून काढली. उपमा मला आवडली, पण मी ते कबूल केले नाही.

त्याने मला देवळात नेले. बाहेरच्या भिंतींवर शिल्पांची इतकी दाटी की नजर ठरत नाही. त्यातून मंडपात शिरल्यावर एकदम ओबडधोबड, बोजड खांब समोर येतात. पूर्वी कधी वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला, आणि पुढे एका गोंड राजाने हे खांब घालून छत सावरले, असे सांगतात. लहानपणापासून या खांबांना मी नावे ठेवीत आलो आहे. भाचा त्यावर हात ठेवून म्हणाला, "यानं खोटी नक्षी कोरली असती तर मोडलेलं किती आणि उरलेलं किती, हे आज तुम्हाला कळलं असतं का?"

मी काहीच बोललो नाही. तेव्हा त्याने त्या कोपऱ्याची गोष्ट सांगितली. त्या जागेचा एकाच काचेतून फोटो झाला होता. हिरव्या आणि जांभळ्या काचेचे राहिले होते. तेवढ्यात साऱ्या मंगळाला वेढणारे धुळीचे वादळ आले, सूर्य झाकला गेला, आणि १० जून २०१८ नंतर बग्गी बोलली नाही. हजाराहून अधिक हाका मारून झाल्या. १३ फेब्रुवारी २०१९ ला मोहीम संपल्याचे जाहीर झाले. तो राखाडी कोपरा म्हणजे तिचा राहिलेला वेळ.

आता माझी कबुली. त्याच सुमारास सगळीकडे एक वाक्य फिरत होते: बॅटरी उतरत चालली आहे आणि अंधार पडतो आहे, असे बग्गीचे अखेरचे शब्द असल्याचे. मी ते एका व्याख्यानात म्हटले, गळा दाटून आणला आणि टाळ्या घेतल्या. वास्तविक बग्गी असे काही बोललेली नाही. एका अमेरिकी वार्ताहराने तिच्या आकड्यांचा सांगितलेला तो भावार्थ. तिने पाठवले ते आकडे: धुळीने आकाश किती झाकले त्याचा १०.८, आणि दिवसभराची वीज अवघी बावीस वॅट-तास. सोबत एक अर्धवट, काळा, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला फोटो. यंत्राच्या तोंडी घातलेले वाक्य वाईट नाही. पण आकडे ऐकल्यावर ते मला फार गोड वाटू लागले. त्या व्याख्यानाचे मानधन मी घेतले होते, हेही लिहून ठेवतो.

परत निघताना घाटावर एक म्हातारा ढीवर जाळे विणत बसला होता. भाच्याने त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला, कुठला ते न सांगता. क्युरिऑसिटी नावाची दुसरी बग्गी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरली, तिने काढलेला: फुटलेल्या खडकात घट्ट बसलेले आणि काही सुटून खाली पडलेले गोल गोटे. म्हाताऱ्याने पडदा डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, "कोनत्या नदीचे गोटे हायेत जी हे?"

शास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०१२ मध्ये हेच जाहीर केले होते. एवढे मोठे गोटे वारा वाहून नेऊ शकत नाही. त्यांचे कोने पाण्यानेच झिजवले. तिथे एकेकाळी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल ओढा वाहत असावा. त्यांना खडकाचे फोटो मोजावे लागले, म्हाताऱ्याला नुसते ओळखावे लागले. त्या फोटोत कोणी सुंदर आकाश भरून ठेवले असते, तर त्याची नजर गोट्यांवर गेली असती की नाही, मला शंका आहे. भाच्याने त्याला मंगळाचे सांगितले. त्याने आकाशाकडे न पाहता नदीकडे पाहिले आणि विचारले, "मंग पानी गेलं कुठी?"

भाचा बराच वेळ सांगत होता. मंगळाची हवा कशी विरत गेली, काही पाणी अवकाशात कसे उडाले, काही बर्फ होऊन जमिनीत कसे राहिले. म्हातारा हुंकार देत होता आणि हात जाळ्यावर चालूच होते.

चित्र बैठकीत लागले ते राखाडी कोपऱ्यासकट. काल पहिल्या फराळाला आलेल्या शेजारच्या वहिनींनी विचारलेच, "भाऊजी, चित्राला ओल लागली वाटतं?" मी खुर्ची पुढे ओढून सांगायला बसलो, आणि हिने माझ्या हातात चकल्यांची बशी दिली; तिला ठाऊक आहे, मी एकदा सुरू झालो की चहा गार होतो.