‘मस्जिद-ए-कुर्तुबा’: नज्म आणि वास्तू

इक्बाल यांनी १९३३ साली स्पेनमधील कॉर्दोबाची जुनी मशीद पाहिली. त्या भेटीतून आलेली ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही आठ बंदांची नज्म ‘बाल-ए-जिब्रील’ (१९३५) या संग्रहात आहे. वर्गात ती बहुधा गतवैभवाचा मर्सिया म्हणून शिकवली जाते. हे वाचन अपुरे आहे. तिचा शेवट येणाऱ्या क्रांतीकडे पाहतो.

मात्र वास्तू समजण्यास केवळ नज्म पुरत नाही. कवीला खांबांत खजुरीचे बन दिसले. पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकात उभारलेल्या भागातील खांब प्रत्यक्षात जुन्या रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतले. ते ठेंगणे पडले म्हणून कमानीवर कमान चढवली गेली. म्हणजे मुळातच अनेकांचा वारसा! १२३६ मध्ये मशिदीचे चर्च झाले. १५२३ पासून खांबांच्या ऐन मध्यात उंच कॅथेड्रल बांधले गेले. अजानविना गेलेल्या शतकांची खंत नज्मेत आहे, या बांधकामाचा उल्लेख नाही. शहरातील व्हियाना या सरदारी वाड्याचे बारा चौक तर तिच्या कक्षेबाहेरच. ती अपेक्षाही गैर ठरेल. पण नज्म शिकवताना फळ्यावर मशिदीचा आराखडा काढला, तर विद्यार्थी कवीच्या मौनाविषयीही प्रश्न विचारतील.